तुर्कस्तानातला एक आठवडा: एजियन किनारा की अनातोलियाचं पठार?

नोकरीच्या निमित्ताने अंकाऱ्यात किंवा इस्तंबूलमध्ये बिऱ्हाड केलेल्या मराठी घरांत पहिलं वर्ष सरत आलं की एक प्रश्न हमखास निघतो. इस्तंबूल बघून झालेलं असतं, भारतातून आलेल्या पाहुण्यांना आयासोफिया आणि तोपकापी दाखवून झालेलं असतं. आता मुलांना शाळेची आठवडाभराची सुट्टी आहे, तर जायचं कुठे? बहुतेकांपुढे दोन वाटा असतात. एक पश्चिमेकडच्या एजियन किनाऱ्याची: इझमीर, बर्गामा, सेल्चुकजवळचं एफेसस, अफ्रोडिसियास, पामुक्काले. दुसरी मधल्या पठाराची: अंकारा, हत्तुशा, कॅपाडोकिया, कोन्या. अंतालयाचे समुद्रकिनारे आणि काळ्या समुद्राकडची हिरवाई मी मुद्दाम बाजूला ठेवते आहे. इतिहास आणि लोकांचं राहणीमान बघायचं असेल तर खरी निवड या दोन वाटांमध्येच आहे.

आम्ही अंकाऱ्यात राहतो, घरात शाळकरी मुलं आहेत आणि दोन्ही वाटा आम्ही त्यांच्यासोबत केल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही इथे दोन-तीन वर्षं राहणार असाल तर पहिला सलग आठवडा पठाराला द्या. किनारा शनिवार-रविवारला जोडून, तुकड्यातुकड्यांनी बघता येतो. पठार तसं हाती लागत नाही. तिथली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत आणि एकाचा अर्थ दुसऱ्यात लागतो. पण हे मत सगळ्या कुटुंबांना लागू नाही. कोणाला नाही, तेही पुढे येईलच.

काय बघायला मिळतं

किनाऱ्यावरचा इतिहास डोळ्यांना लगेच दिसतो. एफेससला वरच्या दरवाजाने आत शिरून उतारावरून खाली आलात की समोर सेल्सस ग्रंथालयाची दोन मजली दर्शनी भिंत उभी असते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एका मुलाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ते बांधलं आणि वडिलांची शवपेटी त्याच इमारतीखाली ठेवली. भिंत कोसळलेली होती. 1970च्या दशकात ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्वज्ञांनी दगड जुळवून ती पुन्हा उभी केली. पुढे सुमारे पंचवीस हजार माणसांचं नाट्यगृह आणि त्याच्यासमोरून निघालेला बंदराकडचा रुंद रस्ता. या रस्त्यावर मुलांना थोडा वेळ थांबवा आणि विचारा, बंदर कुठे आहे? बंदर नाहीच. नदीच्या गाळाने ते बुजलं, समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरकला आणि शहराचा व्यापार संपला. एवढं मोठं शहर कशामुळे ओस पडलं, हे पाचवीतल्या मुलालाही तिथे उभं राहून कळतं.

एफेससमधली डोंगरउतारावरची श्रीमंतांची घरं आता मोठ्या छताखाली जपलेली आहेत. पायऱ्या बघून बरेच जण ती टाळतात. टाळू नका. भिंतींवरची रंगीत चित्रं, जमिनीवरचे मोझेक, घर उबदार ठेवण्याची सोय हे सगळं तिथे आहे. देवळं आणि नाट्यगृहं बघून रोमन लोक भव्य वाटतात, या खोल्यांमधून ते घरगुती वाटायला लागतात.

किनाऱ्यावर माझं सगळ्यांत आवडतं ठिकाण मात्र एफेसस नाही, अफ्रोडिसियास आहे. गर्दी कमी आणि संगमरवराची खाण शहराला लागूनच, त्यामुळे इथली शिल्पशाळा रोमन जगात नावाजलेली होती. 1958 साली आरा ग्युलेर हे तुर्की छायाचित्रकार या भागात आले तेव्हा गेयरे नावाचं गाव या अवशेषांच्या अंगाखांद्यावर वसलेलं होतं. प्राचीन खांबांच्या आधाराने घरं उभी होती. त्यांच्या छायाचित्रांमुळे जगाचं लक्ष इकडे वळलं. पुढे 1961पासून केनान एरीम यांनी जवळजवळ तीन दशकं इथे उत्खनन केलं आणि मृत्यूनंतर त्यांना इथेच दफन केलं. तेत्रापिलोन या देखण्या प्रवेशद्वाराजवळ त्यांची साधी कबर आहे. सुमारे 270 मीटर लांबीचं स्टेडियम इतकं धड अवस्थेत आहे की मुलं पळायची शर्यत लावल्याशिवाय तिथून निघत नाहीत.

पामुक्कालेबद्दल थोडक्यात. पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांवर अनवाणी चालायचं, कोमट पाण्यात पाय बुडवायचे. सकाळी उघडल्याबरोबर किंवा संध्याकाळी जा. भर दुपारी पांढऱ्या खडकावरून येणारा उन्हाचा झोत डोळ्यांना सहन होत नाही. वर हिएरापोलिसचं शहर आहे आणि त्याची दफनभूमी पायऱ्यांपेक्षाही बघण्यासारखी आहे.

पठाराचं तसं नाही. तिथे बरंच काही मातीत आहे, आणि ते बघायला आधी थोडी तयारी लागते. ती तयारी अंकाऱ्यातच होते. किल्ल्याच्या पायथ्याशी, पंधराव्या शतकातल्या एका बाजार-इमारतीत आणि सरायीत अनातोलियन संस्कृतींचं संग्रहालय आहे. कोन्याजवळच्या चातालह्योयुक या नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतली सिंहासनावर बसलेली मातृमूर्ती, हित्तींच्याही आधीच्या काळातली कांस्य सूर्यबिंबं, फ्रिजियन या प्राचीन लोकांचं लाकूडकाम हे सगळं तिथे आधी बघा आणि मग त्या त्या जागी जा. क्रम उलटा केलात तर चातालह्योयुकला मुलांना छपराखाली खोदलेली मातीची भिंतच दिसेल आणि ती अर्ध्या तासात कंटाळतील.

हत्तुशाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण भारतीय कुटुंबं नेमकं हेच ठिकाण गाळतात. अंकाऱ्याहून साधारण दोनशे किलोमीटरवर, चोरुम प्रांतातल्या बोआझकाले या खेड्याशेजारी हित्ती या अनातोलियातल्या प्राचीन साम्राज्याची ही राजधानी आहे. इसवी सनपूर्व 1200च्या सुमारास ती ओस पडली. आज उघड्या डोंगरावर पसरलेले पाये, सिंहद्वार, राजद्वार आणि तटाखालून जाणारा सत्तरेक मीटर लांबीचा दगडी बोगदा उरला आहे. गाडीने वर्तुळाकार रस्त्यावरून फिरायचं, जागोजागी उतरायचं. सावली नाही, वारा भरपूर, आणि पर्यटकांच्या मोसमातही कधी कधी तुम्ही एकटेच असता.

या राजधानीच्या दप्तरात मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांत हित्ती राजा आणि शेजारच्या मितन्नी राज्याचा राजा यांच्यातला इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला तह आहे. तहाला साक्षी म्हणून ज्या देवांना बोलावलं आहे त्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत, म्हणजे आपले ऋग्वेदातले देव आणि अश्विनीकुमार. पंजाबपासून हजारो किलोमीटरवर, क्यूनिफॉर्म (कीलाकार) लिपीत, एका राजकीय करारात. घरी आजीबरोबर बसून स्तोत्रं म्हटलेल्या मुलांना हे त्या वाऱ्यात, त्या डोंगरावर सांगण्यासारखं आहे. आमच्या घरात त्या दिवशी सुरू झालेले प्रश्न अजून संपलेले नाहीत. शेजारच्या याझिलीकाया इथे उघड्या खडकांच्या फटीत कोरलेल्या देवांच्या रांगा आहेत. एका अरुंद फटीत बारा देव एकाच लयीत चालताना दिसतात. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी गेलात तर आकृत्या उठून दिसतात.

बर्गामा आणि हत्तुशा दोन्ही बघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडेल. बर्गामाच्या टेकडीवरून झ्यूसची प्रसिद्ध वेदी एकोणिसाव्या शतकात बर्लिनला गेली ती गेलीच. जागेवर चौथरा आहे आणि त्यावर वाढलेली झाडं. हत्तुशाच्या स्फिंक्सचंही असंच झालं होतं. दुरुस्तीच्या नावाखाली तो बर्लिनला गेला आणि जवळपास शतकभर तिथेच राहिला. तुर्कस्तानने पाठपुरावा केला आणि 2011 साली तो परत आला. आता बोआझकालेच्या छोट्याशा संग्रहालयात तो उभा आहे. वस्तू कुणाची आणि ती कुठे असावी, या वादाचे दोन्ही निकाल असे एकाच देशात बघता येतात.

कॅपाडोकिया सगळ्यांना माहीत असतं ते बलूनमुळे. पण वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाने इथल्या चर्चमध्ये जरा रेंगाळावं. एर्जियेस आणि हसन या ज्वालामुखींच्या राखेतून बनलेला हा मऊ खडक, आणि त्यात दहाव्या ते बाराव्या शतकांत कोरलेली ग्योरेमेची चर्च. कोरणाऱ्यांनी बांधलेल्या चर्चची हुबेहूब नक्कल केली आहे: घुमट, कमानी, खांब. खरं तर या खांबांना काही पेलायचं नाही. काही ठिकाणी खांब तुटून पडले आहेत आणि छत तसंच अधांतरी आहे. वेरूळच्या विश्वकर्मा लेण्यात दगडात लाकडी वाशांची नक्कल आहे, तोच हा विचार. खुल्या संग्रहालयातल्या काळोख्या चर्चसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात आणि ते मोजावेत. उजेड कमी पोचल्यामुळे तिथल्या भित्तिचित्रांचे रंग टिकले आहेत.

मग कोन्या. मौलाना रूमी इथे 17 डिसेंबर 1273 रोजी गेले. तो दिवस मृत्यूचा म्हणून पाळत नाहीत, प्रियतमाशी मिलनाची रात्र म्हणून साजरा करतात. दोनच वर्षांनी, 1275 साली, आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्म झाला. आळंदीचा कार्तिकातला संजीवन समाधी सोहळा ज्याने अनुभवला आहे त्याला कोन्यातली डिसेंबरमधली गर्दी परकी वाटणार नाही. समाधीची जागा कायद्याने संग्रहालय आहे, कारण 1925 साली प्रजासत्ताकाने सगळे दर्गे आणि सूफी मठ बंद केले. पण आत येणारे लोक हात पसरून दुआ मागत असतात. अतातुर्कचा धर्मनिरपेक्ष तुर्कस्तान आणि भाविक तुर्कस्तान एकाच दालनात असे शेजारी शेजारी दिसणं किनाऱ्यावर क्वचितच घडतं.

लोक आणि शेजार

इझमीर मोकळं शहर आहे. समुद्रकाठच्या कोर्दोनवर संध्याकाळी अख्खं गाव फिरायला निघतं, केमेराल्ती बाजारात जुन्या सराया, मशिदी आणि सिनेगॉग एकमेकांना खेटून आहेत. कोन्यात वातावरण सनातनी आहे, दारू सहसा मिळत नाही आणि रमजानमध्ये दुपारचं जेवण शोधावं लागतं. दोन्हीकडे मुलांचे लाड सारखेच होतात. मुलांच्या हातावर गोळ्या-चॉकलेटं न मागता येतात आणि पाठोपाठ चहाचा आग्रह.

1923च्या लोकसंख्या-अदलाबदलीची खूण दोन्ही वाटांवर आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या करारानुसार तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात पाठवले गेले. किनाऱ्याजवळचं शिरिंजे आणि कॅपाडोकियातलं मुस्तफापाशा ही दोन्ही तेव्हा रिकामी झालेली ग्रीक गावं. शिरिंजेत आता दुकानांची इतकी दाटी आहे की गोष्ट हरवते. मुस्तफापाशाच्या दगडी हवेल्यांमध्ये ती अजून ऐकू येते. कॅपाडोकियातले कित्येक ख्रिस्ती घरात तुर्कीच बोलत, ग्रीक लिपीत तुर्की लिहीत. तरी धर्म बघून त्यांना घराबाहेर काढलं गेलं. फाळणीत घर सोडून आलेल्या सिंधी आणि पंजाबी शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही.

जेवण

इथे किनारा सरळ जिंकतो. शाकाहारी कुटुंबांसाठी तर निवड जवळजवळ इथेच होते. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या हा एजियनचा प्राण: आर्टिचोक, चवळीच्या शेंगा, भात भरलेली भोपळ्याची फुलं, रानभाज्यांचे चार-पाच प्रकार. इझमीरचं बोयोझ हे स्पेनमधून आलेल्या ज्यूंनी आणलेलं खुसखुशीत पापुद्र्यांचं खाणं सकाळी उकडलेल्या अंड्याबरोबर खातात. आय्दनचे अंजीर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताजे मिळतात.

पठारावर मांस हेच जेवण. कोन्याचा एतलीएक्मेक म्हणजे लांबलचक पातळ भाकरीवर खिमा. शाकाहारी माणसाचं भागतं ते मसुराचं सूप, चीजची पिदे (भट्टीतली भाकरी), पालक किंवा बटाट्याची ग्योझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) आणि भरगच्च न्याहारीवर. सूप मागवताना "एत सुयू वार म?" म्हणजे मांसाचं पाणी घातलं आहे का, हे विचारायची सवय लावून घ्या. डाळीच्या आणि भाज्यांच्या सुपातही ते असू शकतं. कडक शाकाहारी आजी-आजोबा बरोबर असतील तर कॅपाडोकियात स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि डाळ-तांदूळ सोबत ठेवा.

येणं-जाणं, हवा, गुडघे

गाडी चालवत नसाल तर किनारा सोपा. इझमीरच्या विमानतळाच्या स्टेशनवरूनच सेल्चुकला रेल्वे जाते, पुढे देनिझलीपर्यंतही गाड्या आहेत. सेल्चुकला मुक्काम करून एफेसस, मेरीचं घर, इसा बेय मशीद आणि आर्टेमिसच्या देवळाचा एकटा उरलेला खांब आरामात होतो. पठारावर अंकारा ते कोन्या वेगवान रेल्वे पावणेदोन-दोन तासांत पोचवते, ती मुलांना फार आवडते. कॅपाडोकियाला मात्र बस किंवा स्वतःची गाडी, आणि हत्तुशा गाडीशिवाय जिकिरीचं. गाडी असेल तर अंकारा, हत्तुशा, कॅपाडोकिया, कोन्या आणि परत अंकारा असं वर्तुळ करा. एका टप्प्याला अडीच ते चार तास लागतात. कोन्याच्या रस्त्यावर, अक्सरायच्या पुढे, 1229 साली बांधलेली सुलतानहानी सराय लागते. सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळात व्यापाऱ्यांना अशा सरायींत तीन दिवस फुकट राहायला मिळे. दगडी दरवाजाची नक्षी बघायला अर्धा तास काढाच.

जुलै-ऑगस्टमध्ये एफेससच्या संगमरवरावर दुपारी थांबणं मुलांना आणि वयस्करांना सोसत नाही. पठारावर ऊन तेवढंच, पण हवा कोरडी आणि रात्री गार. नोव्हेंबर ते मार्च उलट: किनारा सौम्य, पावसाळी आणि रिकामा, पठारावर बर्फ आणि बोचरी थंडी. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर दोन्हीकडे उत्तम. बायरामच्या, म्हणजे ईदच्या आठवड्यात दोन्हीकडे जाऊ नका. त्या वेळी सगळा देश रस्त्यावर असतो.

आई-बाबा भारतातून येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी. एफेसस वरून खाली उतरत बघता येतं, बर्गामाच्या टेकडीवर केबलकार जाते. संगमरवर गुळगुळीत आहे, बुटांना चांगली पकड हवी. कॅपाडोकियात पायऱ्या, शिड्या, चढउतार सगळीकडे. देरिनकुयू हे भूमिगत शहर 85 मीटर खोल आहे आणि त्याचे काही बोगदे कमरेत वाकून पार करावे लागतात. दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी वरच थांबावं. गुहेतल्या हॉटेलांत दमटपणा असतो, खोली ठरवण्यापूर्वी खिडकी आहे का ते विचारा. बलूनचं उड्डाण वाऱ्यावर आणि नागरी उड्डयन खात्याच्या रोजच्या परवानगीवर अवलंबून असतं, ऐन वेळी रद्द होतं. म्हणून ते पहिल्या सकाळचं ठरवा, म्हणजे पुढे ढकलायला दिवस उरतात. फार लहान मुलांना घेत नाहीत. पहाटे टेकडीवरून शंभरेक बलून वर चढताना बघायला पैसे पडत नाहीत आणि आमच्या मुलांना तेच जास्त आवडलं.

परदेशी नागरिकांसाठी मोठ्या संग्रहालयांचे दर युरोत ठरतात आणि बदलत राहतात. चार माणसांच्या कुटुंबाचा हिशेब मोठा होतो. निघण्यापूर्वी एकत्रित पास घ्यावा की सुटी तिकिटं, ते त्या वेळचे दर बघून ठरवा. कोन्यातल्या मौलाना संग्रहालयाला तिकीट नाही.

मग कुणी कुठे जावं

मुलं सहा वर्षांच्या आतली असतील, घरात कडक शाकाहारी मंडळी असतील, गाडी नसेल किंवा सुट्टी नोव्हेंबरमधली असेल, तर निःशंक किनारा निवडा. सेल्चुक आणि पामुक्काले असे दोनच मुक्काम करा आणि अफ्रोडिसियास या दोघांच्या वाटेवर बसवा.

मुलं आठ-नऊच्या पुढची असतील आणि सुट्टी वसंतात असेल तर पठार. त्यांच्या शाळेत इथला इतिहास शिकवला जातो, वर्गातली मुलं सुट्टीत गावी जातात ती बहुतेक अनातोलियातल्याच कुठल्या तरी गावी, आणि तुमच्या इमारतीचा कापिजी (दारवान) जिथून शहरात आला ती खेडी याच रस्त्यांवर लागतात.

आठवडा मिळतच नसेल, तीनच दिवस असतील, तर अंकाऱ्याहून सकाळच्या रेल्वेने कोन्या गाठा. पहिल्या दिवशी मौलाना आणि 1251च्या कराताय मदरशातलं निळं टाइलकाम, दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवून चातालह्योयुक. नऊ हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं छपरातून शिडीने घरात उतरत आणि आपली मेलेली माणसं घरातच, झोपायच्या ओट्याखाली पुरत. उत्खननाजवळ तशा घराची प्रतिकृती बांधलेली आहे. मुलांना आधी तिथे न्या आणि मग खड्ड्याकडे. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीपूर्वी अलाएद्दीन टेकडीवरच्या चहाच्या बागेत बसा. त्या टेकडीच्या पोटातही जुन्या वस्त्यांचे थर आहेत.